एकाच उतारावरचे तीन वॉराटा

पार्श्वभूमी

वॉराटा हे सिडनीच्या परिसरातलं मूळचं झुडूप. शास्त्रीय नाव टेलोपिया स्पेसिओसिसिमा, आणि १९६२ पासून न्यू साउथ वेल्सचं अधिकृत राज्यपुष्प. तीन-चार मीटर उंच जाणाऱ्या सरळ फांद्या, चिवट पानं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फांदीच्या टोकाला एकच भलामोठा लाल गेंद. हा गेंद म्हणजे एक फूल नव्हे, तो बारीक फुलांचा दाट झुबका असतो. एकेका गेंदात दोनशेच्या वर फुलं असू शकतात आणि खालून लाल छदांचं, म्हणजे पाकळ्यांसारख्या रंगीत पानांचं, कडं. हनीईटर पक्षी मधासाठी त्यावर तुटून पडतात.

मूळचं सिडनीचं आहे, तेव्हा सिडनीत कुठेही येईल, हा समज या प्रकरणाच्या मुळाशी आहे. सिडनीत जमिनीचे ढोबळमानाने दोन प्रकार. समुद्राच्या बाजूला आणि उत्तरेच्या डोंगरसोंडांवर हॉक्सबरी वालुकाश्म आणि त्याची झिजून झालेली रेताड, नापीक, भराभर निचरा होणारी माती. पश्चिमेच्या मैदानी भागात वियानामाटा शेल हा थराथरांचा खडक आणि त्यातून आलेली चिकण माती, पावसात लोण्यासारखी आणि उन्हात विटेसारखी. वॉराटा पहिल्या मातीतला. सिडनीतल्या बहुतेक नव्या वसाहती दुसऱ्या मातीवर.

हे घर वायव्येकडच्या अशाच एका नव्या वसाहतीतलं. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. नवरा-बायको दोघं नोकरदार, शाळकरी मुलगी. घराच्या एका अंगाला कुंपणालगत मागपर्यंत उतरत जाणारी पट्टी होती. बिल्डरने वरची माती खरवडून नेली होती आणि हिरवळ अंथरण्यापुरता विकतच्या मातीचा पातळ थर टाकला होता. त्याखाली लगेच चिकण.

पहिला वॉराटा या जोडप्यानेच लावला, मे २०२१ मध्ये, उताराच्या वरच्या टोकाला दगडी संरक्षक भिंतीजवळ. फार विचार केला नव्हता. खड्डा, रोप, निघालेलीच माती परत आत. अशा भिंतीच्या पाठीमागे पाणी साठू नये म्हणून खडी आणि रेती भरलेली असते. जागा निवडताना हे कुणाच्या डोक्यात नव्हतं, पण त्या झाडाचं नशीब तिथेच ठरलं.

कोरोनाकाळात बंद असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या सीमा फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्यटकांना खुल्या झाल्या आणि मार्चमध्ये नवऱ्याचे वडील नाशिकहून लांबच्या मुक्कामाला आले. पुढे त्यांना काका म्हणते, आणि या जोडप्याला त्यांचा मुलगा आणि सून. काकांची हयात द्राक्षबागेत गेलेली. खरड छाटणी, गोडी छाटणी, माती परीक्षण, पानदेठ परीक्षण हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द. घरच्या बागेत एकच वॉराटा बघून त्यांनी आणखी दोन आणायला लावले आणि एप्रिलमध्ये स्वतः लावले. एक उताराच्या मधोमध, हिरवळ आणि गुलाबांच्या शेजारी. दुसरा अगदी खाली, पावसाच्या पाण्याच्या टाकीपाशी.

लागवड त्यांनी त्यांच्या पद्धतीने, म्हणजे नीट केली. दोन फूट खोल चौरस खड्डे. तळाशी सुपरफॉस्फेट हे फॉस्फरसचं खत, वर शेणखताऐवजी कोंबडीखताच्या गोळ्या आणि कंपोस्ट, मग रोप, आणि भोवती पाणी धरून ठेवणारं गोल आळं. महाराष्ट्रात आंबा, डाळिंब, चिकू लावताना कुठलाही कृषी अधिकारी साधारण हेच सांगेल.

इथे एक बारीक गोष्ट घडली, जी मला नंतर बोलण्याच्या ओघात कळली. आपल्याकडे सिंगल सुपरच्या पोत्यावर १६ टक्के लिहिलेलं असतं. इथल्या पिशवीवर साधारण ९. काकांनी माल हलका आहे असं धरून मूठभर जास्तच टाकलं. पण भारतातला आकडा फॉस्फरसच्या ऑक्साइडचा असतो, ऑस्ट्रेलियातला निव्वळ फॉस्फरसचा. आपले १६ टक्के इथल्या हिशेबात सातच्या आसपास भरतात. म्हणजे इथलं सुपर हलकं नव्हतंच, जरा कडकच होतं. देशी झाडांसाठी इथे जी खतं विकतात त्यात फॉस्फरस बहुधा २ टक्क्यांच्याही आत असतो, यावरून काय प्रमाण झालं त्याचा अंदाज यावा.

अडचण

२०२२ हे सिडनीच्या नोंदींतलं सर्वांत पावसाळी वर्ष ठरलं. १९५० चा २,१९४ मिलिमीटरचा विक्रम ऑक्टोबरमध्येच मोडला आणि वर्षअखेर ऑब्झर्व्हेटरी हिलवर, म्हणजे सिडनीच्या हवामान केंद्रावर, अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. चिकण मातीतल्या दोन फुटी खड्ड्याचं अशा वर्षात काय होतं? पाणी आत जातं, बाहेर जायला वाट नसते. खड्ड्याचं टाकं होतं. त्यात खालच्या झाडापाशी टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप सांध्यातून निखळला होता. प्रत्येक सरीनंतर छपराचं जादा पाणी थेट त्या आळ्यात येत होतं.

तरी खालचं झाड नोव्हेंबरपर्यंत बरं दिसत होतं. डिसेंबरमध्ये उकाड्याचे पहिले दिवस आले आणि आठवड्याभरात ते मान टाकून बसलं. पानं गळली नाहीत, जागच्या जागी करपल्यासारखी लटकली. घरच्यांनी पाणी वाढवलं. नाताळापर्यंत झाड वाळून खडखडीत झालं होतं.

मधल्या झाडाची तऱ्हा वेगळी. ते मरत नव्हतं, पण वाढतही नव्हतं. नवी पालवी पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जुन्या पानांची टोकं आणि कडा भाजल्यासारख्या तपकिरी. काकांनी एका नजरेत सांगितलं, लोहाची कमतरता. नाशिककडच्या चुनखडीच्या जमिनीत द्राक्षावर हे सर्रास दिसतं. त्यांनी फेरस सल्फेटची फवारणी घेतली, पालवी थोडी हिरवी झाली, सगळ्यांना हायसं वाटलं. झाड कुपोषित दिसतंय म्हणून कोंबडीखताचा आणखी एक हातही दिला गेला. महिन्याभरात पालवी पुन्हा पिवळी, आणि कडा आधीपेक्षा जास्त करपलेल्या.

वरचं, पहिलं झाड मात्र तजेलदार होतं. फक्त फुललं नव्हतं. इतकं निरोगी झाड दुसऱ्या वसंतातही (इथे तो सप्टेंबर ते नोव्हेंबर) एक गेंद देत नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली आणि त्यालाही सुपर द्यावं असं जवळपास ठरलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये झाडं बघून सल्ला द्यायला मला बोलावलं ते त्या बेताच्या आदल्या आठवड्यात.

तपासणी

घरच्यांचा प्रश्न होता: झाडांना कुठला रोग आहे? तीन झाडांकडे एक रोग म्हणून बघितलं की काहीच जुळत नव्हतं, म्हणून प्रत्येक झाडाचा जन्मापासूनचा हिशेब वेगळा मांडला. कधी लावलं, खड्ड्यात काय गेलं, पाणी कुठून येतं, छाटलं कधी. तो कागदावर उतरल्यावर अर्धी उत्तरं दिसू लागली.

मेलेलं झाड उपटायला जोरच लागला नाही. मुळं काळपट, कुजकी, बोटांत धरून ओढली की साल सुटून येणारी. ओल्या मातीत झाड कोमेजलं तर संशय पाण्याच्या कमतरतेवर जाऊ नये, मुळांवर जावा. मुळं आधीच गेलेली असतात. थंड, ढगाळ दिवसांत उरलेल्या चार मुळांवर झाड निभावतं आणि पहिल्या कडक उन्हात कोसळतं. मुळं कुजवणाऱ्या फायटॉप्थोरा सिनामोमी या जंतूची ही नेहमीची चाल आहे. ऑस्ट्रेलियाच्या जंगलांत या मूळकुजीने इतकं नुकसान केलंय की राज्य आणि केंद्र दोन्ही पातळ्यांवर कायद्याने तिला देशी वनस्पतींवरचा प्रमुख धोका म्हणून नोंदवलं आहे.

पण नुसत्या नजरेने फायटॉप्थोरा ठरवता येत नाही, पाणी साचून गुदमरलेली मुळंही अशीच दिसतात. सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डनची प्लांटक्लिनिक ही सेवा मुळं आणि माती तपासून देते. तपासणीचा खर्च नव्या रोपाहून जास्त, म्हणून मुलाने विचारलं, “एवढ्या पैशांत नवीन झाडं येतील ना?” येतील, पण कुठे लावणार? रोगजंतू मातीत आहे की नाही यावर त्या पट्टीत पुढे काय लावायचं ते ठरणार होतं. तिन्ही ठिकाणचे नमुने पाठवले. खालच्या नमुन्यात फायटॉप्थोरा निघाला. मधल्या आणि वरच्यात सापडला नाही. सापडला नाही म्हणजे नाहीच, असं मात्र या तपासणीत म्हणता येत नाही.

मधल्या झाडाबाबत काकांचं निदान अर्धं बरोबर होतं. पालवीला लोह मिळत नव्हतंच. पण का? चुनखडी किंवा पुरलेला सिमेंटचा राडारोडा असता तर मातीचा सामू (पीएच) चढलेला दिसला असता. साध्या किटने बघितला तर माती किंचित आम्लधर्मी निघाली, म्हणजे वॉराटाला हवी तशीच. चुना बाद झाला. मग मातीचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि फॉस्फरसचा आकडा देशी झाडांना मानवेल त्याच्या कितीतरी वर आला. भिंतीजवळच्या, काहीच न घातलेल्या मातीत तो अगदी कमी होता.

वॉराटा प्रोटिएसी कुळातला. ग्रेव्हिलिया, बँक्सिया, मॅकाडेमिया त्याचे भाऊबंद. कोट्यवधी वर्षं धुपलेल्या, फॉस्फरस जवळजवळ संपलेल्या मातीत ही झाडं वाढली. त्यासाठी त्यांना केसाळ मुळांचे दाट झुबके फुटतात, ते आम्लं सोडून मातीत घट्ट बसलेला फॉस्फरस विरघळवतात आणि शोषून घेतात. मिळेल तेवढा ओढायचा एवढंच या मुळांना ठाऊक. यातल्या बऱ्याच झाडांना फॉस्फरस भरपूर झाला तरी शोषण पुरेसं आवरता येत नाही. तो पानांत साठतो, कडा करपतात, आणि लोहाचा वापरही अडतो. म्हणून शिरा हिरव्या, पान पिवळं. फेरस सल्फेटने लक्षण तात्पुरतं झाकलं गेलं आणि त्याच महिन्यात कोंबडीखताने मूळ कारण वाढवलं.

हे समजावल्यावर काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे ताई, आम्ही त्याला उपाशी समजून जेवायला वाढत होतो, आणि त्याला अजीर्ण झालं होतं.” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

वरच्या झाडाच्या न फुलण्याचं कारण शोधायला कुठली प्रयोगशाळा लागली नाही. मुलाने जुलैत गुलाबांची छाटणी केली, सिडनीत ती त्याच महिन्यात करतात, आणि हातात कात्री होती म्हणून वॉराटाचे शेंडेही सारखे केले. वॉराटाचे कळे उन्हाळा सरता सरता, शरद ऋतूत (इथे मार्च ते मे) धरतात आणि हिवाळाभर फांदीच्या टोकाला फुगीर बोंडासारखे बसून राहतात. जुलैत शेंडा उडवला की त्या वर्षीचं फूल गेलं. त्याने कापून टाकलेल्या “जाड टोकांचा” फोनमध्ये फोटोही होता. घडनिर्मिती झालेली काडी कोण कापतं, असं काका मुलाला म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला.

पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा: वॉराटाचा नाद सोडायचा. चिकण मातीत, ओलीतही तगणारी देशी झुडपं कमी नाहीत. कॅलिस्टेमॉन, म्हणजे बॉटलब्रश, तर अशा जमिनीत मजेत वाढतो. मी स्वतः अनोळखी घराला बहुधा हाच सल्ला देते. इथे मात्र वरचं झाड धडधाकट होतं, म्हणजे या बागेत वॉराटा जगू शकतो याचा पुरावा समोर उभा होता.

दुसरा, औषध. मूळकुजीवर फॉस्फोनेट वापरतात, त्याला फॉस्फरस अ‍ॅसिडही म्हणतात. नाव ऐकून सुनेने रास्त शंका काढली: फॉस्फरसनेच झाड आजारी आहे तर पुन्हा तेच का? उत्तर काकांनी दिलं. द्राक्षावर केवडा या रोगासाठी ते याच गटातली औषधं वर्षानुवर्षं फवारत आलेत. केवड्याचा जंतू आणि फायटॉप्थोरा दोन्ही खऱ्या बुरशीत न मोडणाऱ्या एकाच गटातले. फॉस्फोनेट आणि खतातलं फॉस्फेट या वेगळ्या गोष्टी आहेत, झाडाला फॉस्फोनेट खत म्हणून वापरता येत नाही. पण ते रोग संपवत नाही, दाबून ठेवतं, पुन:पुन्हा द्यावं लागतं, आणि मात्रा चुकली तर पानं भाजतात. खालचं झाड मेलेलं होतं. उरलेल्या दोघांत रोग सापडला नव्हता. मग औषध द्यायचं कुणाला? काकांचा कल प्रतिबंधक फवारणीकडे होता, माझा आधी पाणी वळवण्याकडे. पाणी तसंच वाहत राहिलं तर फवारणी म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून रोज फरशी पुसणं.

तिसरा, जिप्सम. चिकण माती म्हटली की इथे प्रत्येक जण जिप्सम सुचवतो. ते सोडियमने विस्कटणाऱ्या मातीतच उपयोगी पडतं. मातीचं सुकं ढेकूळ पावसाच्या पाण्यात न ढवळता ठेवायचं. भोवती दुधाळ ढग पसरला तर जिप्समला अर्थ आहे. इथलं ढेकूळ फुटलं पण पाणी नितळ राहिलं. जिप्सम बाद.

चौथा, मधलं झाड उकरून नव्या जागी न्यायचं. याला मी ठाम नकार दिला. या कुळातल्या झाडांना मुळं हलवलेली खपत नाहीत, आणि आजारी झाडाला तर नाहीच.

पाचवा, गादीवाफा. चिकण मातीत खोल न जाता तिच्यावर चढायचं. हा काकांना सांगावा लागला नाही. भारी जमिनीत द्राक्षाची ओळ वरंब्यावरच घेतात. लागवडीच्या वेळी तोच नियम का आठवला नाही असं त्यांनी स्वतःलाच विचारलं. कारण उघड होतं. त्यांच्या डोक्यात हे शोभेचं झाड होतं, आणि शोभेच्या झाडाला खड्डा घेतात.

काय केलं

सर्वांत आधी प्लंबरकडून ओव्हरफ्लोचा पाइप पुन्हा स्टॉर्मवॉटरच्या, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या, जाळ्यात जोडून घेतला आणि पट्टीच्या वरच्या अंगाला पाणी अडवून वळवणारा भोकांचा अ‍ॅग पाइप टाकला. दोन्ही आळी मोडली.

मेलेलं झाड मुळांभोवतीच्या मातीसकट प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून लाल झाकणाच्या, सर्वसाधारण कचऱ्याच्या डब्यात गेलं. हिरव्या झाकणाच्या बागेच्या डब्यात माती चालत नाही. फावडी, कात्री, बुटांचे तळवे घासून मेथिलेटेड स्पिरिटने पुसले. हा जंतू चिखलासोबत प्रवास करतो, म्हणून यापुढे काम नेहमी वरून खाली करायचं आणि खालची ओली माती वर न्यायची नाही, असं ठरलं. रोगट जागा उताराच्या तळाशी होती ही त्यातल्या त्यात सोय. ती वर असती तर प्रत्येक पावसाने रोग खालच्या झाडांपर्यंत पोचवला असता. त्या जागी लोमान्ड्रा लॉन्जिफोलिया लावलं, हे गवतासारखं देशी झुडूप फायटॉप्थोराला दाद देत नाही.

मधल्या झाडाला सगळी खतं बंद. गुलाबांना आणि हिरवळीला दिलेलं खत पाण्याबरोबर त्याच्याकडे येऊ नये म्हणून मध्ये विटांची बुटकी कड घातली. पालवीसाठी अधूनमधून लोहाचं चिलेट, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह. चिकण मातीने धरून ठेवलेला फॉस्फरस धुऊन काढता येत नाही, तेव्हा याहून जास्त हातात काही नव्हतं.

नव्या झाडासाठी वरच्या आणि मधल्या जागेच्या दरम्यान सुमारे दीड मीटर रुंद आणि गुडघ्याएवढा उंच गादीवाफा केला. खालची चिकण फक्त काट्याने सैल केली, तिच्यात खड्डा घेतला नाही. वर रेताड माती, खत न घातलेली. निवड करताना घरच्यांना पुन्हा तोच मूळ वॉराटा हवा होता. मी ‘शेडी लेडी’ सुचवला. हा सिडनीचा वॉराटा आणि पूर्व व्हिक्टोरियातल्या ओलसर जंगलांतला टेलोपिया ओरिएडीस यांचा संकर. गेंद थोडा लहान, पण जड माती आणि सावली दोन्ही जास्त सोसतो. एप्रिल २०२३ मध्ये तो लावला. वर युकॅलिप्टसच्या सालीचं आच्छादन, बुंध्यापासून हातभर दूर. मशरूम कंपोस्ट घरात पडून होतं, ते मुद्दाम टाळलं. त्यात चुना असतो.

निष्पत्ती

सगळं सुरळीत झालं नाही. २०२३ चा सप्टेंबर ऑस्ट्रेलियाच्या नोंदींतला सर्वांत कोरडा सप्टेंबर ठरला. आदल्या वर्षी पाण्याने झाड गेल्याची धास्ती घरात इतकी बसली होती की नव्या झाडाला कुणी पाणी देईना. गादीवाफा भराभर सुकतो. त्या वसंतात शेडी लेडीच्या कोवळ्या फुटव्यांचे शेंडे माना टाकू लागले. या वेळी माती बोटभर उकरून बघितली, खाली भुकटी होती. ठिबक नळी आणि टायमर बसवला, आठवड्यातून दोनदा सकाळी लवकर, भरपूर. पहिले दोन उन्हाळे वॉराटाला पाणी लागतं, निचऱ्याचं कितीही कौतुक केलं तरी.

वरचं झाड त्याच सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा फुललं. गेंद सुकू लागताच मुलाने फुललेल्या फांद्या जवळपास निम्म्यावर आणल्या, खाली निरोगी पानं राखून. काका तेव्हा नाशिकला परतले होते; व्हिडिओ कॉलवरून कुठल्या डोळ्यावर काप घ्यायचा ते त्यांनी दाखवलं. प्रत्येक कापाखालून दोन-तीन फुटवे आले आणि पुढच्या वसंतात गेंदांची संख्या दुपटीहून जास्त झाली. त्याला आजवर एकदाही सुपर मिळालेलं नाही.

शेडी लेडी २०२४ मध्ये फुलला नाही, २०२५ मध्ये फुलला.

मधलं झाड जिवंत आहे. पालवी आता फिकट हिरवी येते, कडा करपणं कमी झालंय, पण बरोबरीच्या झाडांच्या मानाने ते खुजं राहिलंय आणि त्यावर एकही कळा धरलेला नाही. सुनेचं म्हणणं, काढून टाकावं. काकांचं म्हणणं, थांबावं: मुळं खत भरलेल्या खड्ड्याबाहेर पसरली की ते सावरेल. दोघांच्याही बाजूने बोलता येईल.

वेगळं काय करता आलं असतं

लागवडीच्या आधी त्या पट्टीत एक फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरला असता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं असतं, तर निम्मं प्रकरण घडलंच नसतं. पाणी तसंच दिसलं की खड्डा घ्यायचा नाही. या चाचणीला पैसे लागत नाहीत, माहीतही बऱ्याच जणांना असते, आणि रोप हातात आलं की कुणी करत नाही.

काकांच्या ज्ञानात चूक नव्हती. फेरस सल्फेटची फवारणी लक्षणावर बरोबरच होती. फक्त तिच्या यशानंतर तपास थांबला. पालवी हिरवी होऊन पुन्हा पिवळी पडली, त्या टप्प्यावर सामू बघितला असता तर चुना नाही हे कळलं असतं आणि दुसरा कोंबडीखताचा हात टळला असता. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय तोच होता, पहिल्या सुपरपेक्षाही; कारण पहिल्या वेळी झाडाने अजून काही सांगितलं नव्हतं.

खालच्या झाडाचं वाचणं अवघड होतं. पाइप ऑगस्टमध्ये जोडला असता तर कदाचित. डिसेंबरमध्ये पाणी बंद केलं असतं तरी फरक पडला नसता, तोवर मुळं उरली नव्हती.

प्रयोगशाळेच्या खर्चाबद्दल घरात अजून मतभेद आहेत. मुलाच्या मते फायटॉप्थोरा निघाला नसता तरी त्यांनी हेच सगळं केलं असतं. माझं उत्तर लोमान्ड्राकडे बोट दाखवतं: अहवाल नसता तर रोगट जागी चौथा वॉराटा लागला असता, त्याचं रोप घरात आणूनही ठेवलं होतं. ते आता मोठ्या कुंडीत, देशी झाडांच्या मिश्रणात, वरच्या पायरीवर आहे.

मधल्या झाडाबाबत एवढं ठरलंय की येत्या शरद ऋतूत खड्ड्याच्या आतली आणि खड्ड्याबाहेर दोन फुटांवरची माती वेगवेगळी तपासायची. बाहेरच्या मातीत फॉस्फरस कमी असेल आणि बारीक मुळं तिथवर पोचलेली दिसली, तर काकांचं ऐकायचं. नसतील तर मे महिन्यात तिथे ग्रेव्हिलिया न लावता कॅलिस्टेमॉन लावायचा.